डिसेंबरातलं रान

मिलिंद,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. रडू येईल ही भीती नव्हती. बोलले असते तर मीनलला उठून बाहेर जावं लागलं असतं, आणि नवरा गेलेल्या बाईवर ती वेळ आणण्याइतकी मी अजून निर्ढावलेली नाही. पण गप्प बसायचं व्रतही मी घेतलेलं नाही. तेव्हा ऐक आता.

इथे सिंगापुरात, सेंगकांगला तुमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये सगळे जमलो होतो. काचेपलीकडे मुलं पोहत होती, आत एसी इतका की बायका ओढण्या लपेटून बसलेल्या. टेबलावर तुझा टोपीतला फोटो, हार घातलेला. एका बाजूला महाराष्ट्र मंडळाची माणसं, दुसऱ्या बाजूला तुझ्या डिपार्टमेंटची. दोन्हीकडचे एकमेकांना ओळखत नव्हते, म्हणून सगळेच जरा जास्त चांगलं बोलत होते. कुणी म्हणालं, मिलिंद कधी कुणाशी भांडला नाही. मी हातातला चहा खाली ठेवला. इतकी वर्षं तू माझ्याशी जे करत होतास ते मग काय होतं? कुणी म्हणालं, मिलिंदचं प्रत्येक झाडाझुडपावर प्रेम. तेही खोटं. बुटक्या शिंदीवर तुझा दात होता. ती तुझ्या पोटरीला टोचायची आणि तू तिला अस्सल पुणेरी शिव्या घालायचास, आजूबाजूच्या थाई लोकांना कळणार नाहीत या भरवशावर.

मग मंडळाचे सुहासराव उठले. बँकेतला साधा, मनाचा चांगला माणूस. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, मिलिंदनं ज्या रानाला आयुष्य दिलं तिथेच त्याची आठवण ठेवायची असं आम्ही ठरवलंय. उत्तर थायलंडमध्ये झाडं लावणारी एक संस्था आहे, तिच्याशी बोलणं झालंय. एक अख्खी डोंगरधार मिळतेय, ओसाड पडलेली. मिलिंदनं स्वतःच्या नकाशात ती खराब म्हणून दाखवलीय, म्हणजे एका परीनं जागा त्यानंच निवडलीय. पावसाळ्याच्या तोंडाला रोपं लावायची, आग येऊ नये म्हणून भोवती पट्टा काढायचा, पाटी लावायची. मिलिंद स्मृतिवन.

लोकांनी माना डोलावल्या. मीनलनं डोळे पुसले. मी तुझ्या फोटोकडे बघितलं तर तू आपला हसतोयस.

ती धार माझी आहे, मिलिंद. ती ओसाड नाही, आणि हे तुला माहीत होतं. गेल्या जूनमध्ये तू तिच्यावर गुडघे टेकून बसला होतास. तुझ्या तोंडचं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. आता तुझ्याच नावाची सावली पाडून ती मारणार आहेत, आणि तू सुटलास, हार घालून बसलास. मला तुझं इतकं वाईट वाटायला हवं होतं त्या क्षणी. मला तुझी कॉलर धरावीशी वाटली.

हे पत्र आणखी कुणी वाचलं तर त्यांना ते रान माहीत नसेल. तू ते कुणाला धड सांगितलंच नाहीस, म्हणून मी सांगते. डोंगर चढायला लागण्याआधी, खाली पायथ्याशी, जिथे माती पातळ आहे आणि पाऊस संपला की महिनोन्‌महिने थेंब पडत नाही, तिथे ओकचं रान आहे. ओक म्हटलं की आपल्या लोकांना बर्फ आठवतो, परदेशी कॅलेंडर आठवतं. मंडळात तर ओक आडनावावरचे विनोद ठरलेले, आणि तू दर वेळी नव्यानं हसायचास. हा ओक तसा नाही. जाड, खडबडीत सालीचा, वाकडातिकडा, उन्हाळ्यात पानं टाकून देणारा. आणि त्याच्या पंगतीला कोण, तर ऐन, आवळा, चारोळी. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं की कुणीतरी जुन्नरकडचं रान उचलून आणलंय आणि त्यात ओक घुसडलेत. खाली गवत आणि गुडघ्याएवढी बुटकी शिंदी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळका पाला पेटतो. आग लहानशी असते, पळत येते, पळत जाते. बुंधे काळे होतात, झाडं मरत नाहीत.

तुझं लाडकं रान वरचं. ढगातलं, शेवाळलेलं, बारमाही हिरवं, फोटोत छान येणारं. खालचं कोरडं रान म्हणजे तुझ्या मते त्याच हिरव्या रानाची मोडतोड. ‘तोडलं, जाळलं, आणि उरलं ते हे,’ असं तू विद्यार्थ्यांना सांगायचास. मी म्हणायचे, हे कुणाचं उरलंसुरलं नाही. हे वेगळं रान आहे, जुनं आहे, आगीबरोबर वाढलेलं आहे. तू म्हणायचास, ‘आगीची वकिली करू नकोस वृंदे, इथे धुरानं खिडक्या लावून बसायची वेळ येते.’ मी म्हणायचे, आग लावा असं कोण म्हणतंय, येते तिला येऊ दे म्हणतेय. हे भांडण आपण विमानात केलं, जीपमध्ये केलं, तुमच्या रियाच्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी केलं.

तू मला इथे आणलंस, हे मी नाकारत नाही. पुण्यात मी तात्पुरत्या नोकऱ्यांमध्ये घासत होते तेव्हा तू शब्द टाकलास. चांगी विमानतळावर घ्यायला आलास. पुंगोलला मला खोली मिळेपर्यंत मी तुमच्या हॉलमधल्या सोफ्यावर राहिले. मीनलच्या हातचं वरणभात खाल्लं. रिया तेव्हा रांगत होती, माझी वेणी धरून उभी राहायला शिकली. ओक ओळखायला तूच शिकवलंस. फळाची टोपी काढायची, उलटी करून अंगठ्यावर बसवायची आणि बघायचं की टोपीवर खवले आहेत की वळी. माझ्या अंगठ्यावर तू पहिली टोपी बसवलीस तेव्हा मी बावळटासारखी दिवसभर ती घालून हिंडले. एवढं सगळं मिळालंय तुझ्याकडून. म्हणूनच तर राग जात नाही. परक्या माणसानं फसवलं असतं तर मी केव्हाच खांदे उडवले असते.

आपलं काम तसं साधं. दोरी, टेप, चार खुंट्या. रानात चौकोन आखायचा, आतलं प्रत्येक झाड, झुडूप, गवत लिहून काढायचं, कुणी किती जमीन व्यापलीय त्याचा अंदाज बांधायचा. असे पुष्कळ चौकोन झाले की घरी येऊन बघायचं, कुठला कशासारखा आहे. सारख्यांचा एक समुदाय करायचा, त्याला नाव द्यायचं, नकाशात रंग द्यायचा. ज्याला नाव मिळालं ते रान. ज्याला नाव मिळालं नाही ती रिकामी जागा. आपल्या दोघांशिवाय यात कुणाला रस नव्हता, पण रस्ते, रोपं, कुंपणं सगळं त्या रंगांवर ठरतं.

तुझा समुदायांवर विश्वासच नव्हता, हेही गमतीचं. आयुष्यभर त्यांना नावं देत बसलास आणि चहाला बसलं की म्हणायचास, ‘हे सगळे नुसते शेजारी आहेत गं. एचडीबीच्या एका सरकारी इमारतीत राहतात म्हणून ते काय एक कुटुंब होतं का?’ मी म्हणायचे, कुटुंब नसेल, पण एकासाठी लिफ्ट दुसरा धरून ठेवतो. ओकची पानं उशिरा येतात म्हणून खालच्यांना ऊन मिळतं. शिंदी टोचते म्हणून तिच्यात कुणी पाय घालत नाही, आणि तिच्या आडोशानं बाकीचे वाढतात. तू म्हणायचास, ‘बाकीचे कोण? शिंदीखाली मला तर माती दिसते.’

दिसणारच माती. कारण तुझे सगळे चौकोन डिसेंबरचे होते.

सिंगापुरात राहून माणसाचं ऋतूंचं भान जातं. इथे बारा महिने तेच ऊन आणि तोच पाऊस. मुलं असलेल्या घरात ऋतू दोनच, जूनची सुट्टी आणि डिसेंबरची सुट्टी. जून म्हणजे पुणे, तुझी आई, उरलेसुरले आंबे. डिसेंबर म्हणजे थायलंड. मीनल आणि रिया चिआंग माईच्या हॉटेलात, तू दिवसभर रानात, संध्याकाळी सगळे मिळून नाइट मार्केट. घरच्यांना सुट्टी, तुला काम, मीनलला बँकेतून रजा मिळायची. सगळं इतकं सोयीचं की कुणाला काही वावगं वाटलं नाही. वनस्पतींचा एवढा मोठा अभ्यासक, आणि रानात जायचं कधी हे शाळेच्या वेळापत्रकानं ठरवलं.

डिसेंबरात ते रान कसं असतं? वर ओकची पानं पिवळी पडायला लागलेली, खाली वाळलेलं गवत, शिंदी, आणि उघडी माती. रानहळद, जमिनीवरची आमरी ऑर्किडं, सगळे कंदवाले खाली जाऊन झोपलेले. तू वर्षानुवर्षं झोपलेल्या घराचं दार वाजवलंस आणि घरात कोणी राहत नाही असं लिहिलंस.

मी मूलबाळ नसलेली बाई. माझ्या रजेला शाळेची वेसण नाही. मी एकदा पावसाच्या सुरुवातीला गेले आणि त्या धारेवर जे पाहिलं ते येऊन तुला सांगितलं. फोटो दाखवले. तू फोनवर दोन बोटांनी फोटो मोठा केलास, लहान केलास, आणि म्हणालास, ‘पाऊस बरा झाला की तण माजतंच.’ तण म्हणालास तू त्याला. पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. तेच रानहळदीचे तुरे, त्याच जागी. तू म्हणालास, तुझे चौकोन थोडे आहेत, माझे पुष्कळ. नकाशा छापला तेव्हा माझा शिंदी आणि ओकचा समुदाय त्यात नव्हता. धार राखाडी होती, आणि राखाडीचा अर्थ खाली लिहिला होता, खराब झालेलं रान, लागवडीस योग्य. आभारांत मात्र माझं नाव पहिलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं माझं. माझ्या तोंडाला कुलूप लावलंय हे मला कळत होतं, पण कुलूप चांदीचं होतं म्हणून मी हसले.

गेल्या वर्षी तुझी आई गेली. जून आला आणि तुला पुण्याला जायला कारण उरलं नाही. तू घरात फेऱ्या मारत होतास, मीनल वैतागली होती. मी म्हटलं, चल, धारेवर. तू दमलेला होतास म्हणून हो म्हणालास. एरवी म्हणाला नसतास.

चौकोन तूच आखलास. मला दोरीला हात लावू दिला नाहीस, मी जागा ठरवून घेईन असा संशय होता तुला. पाऊस नुकताच होऊन गेला होता. काळ्या बुंध्यांच्या बुडातून ओकचे तांबूस धुमारे वर आलेले. आणि जमिनीतून थेट, पानांच्याही आधी, रानहळदीचे गुलाबी तुरे. शिंदीच्या झुपक्यांमधून, एकेका झुपक्याच्या आडोशानं, पार धारेच्या टोकापर्यंत. तू गुडघ्यांवर बसलास आणि मोजायला लागलास. एक चौकोन झाला, दुसरा आखलास, मग तिसरा. मी थर्मासमधला चहा ओतून ठेवला, तो निवून गेला.

मग मान वर न करता तू विचारलंस, ‘हे सगळं डिसेंबरात खाली असतं?’

‘हो.’

‘दर वर्षी?’

‘दर वर्षी. आपण बघायला नसलो तरी.’

तू चष्मा काढून शर्टाला पुसलास. ‘तुझं बरोबर आहे, वृंदे,’ म्हणालास. ‘नकाशा चुकलाय.’

या एका वाक्यासाठी मी किती वर्षं तुझ्यामागे हिंडले असेन. मला इतका आनंद झाला की मी थालीपिठाचा मोठा तुकडा तुला दिला. तू तो खाल्लास आणि म्हणालास, मीठ कमी आहे. मला वाटलं, झालं. हा मोठा माणूस आहे, चुकला ते समजलं, आता दुरुस्त करेल. उतरताना तुझा हात धरला मी, निसरडं होतं म्हणून, आणि खाली आल्यावरही थोडा वेळ सोडला नाही.

परत आल्यावर तू म्हणालास, सेमेस्टर संपू दे. सेमेस्टर संपलं. म्हणालास, रियाच्या परीक्षा होऊ देत. झाल्या. म्हणालास, त्या नकाशावर किती जणांचं काम उभं आहे तुला कल्पना नाही. मी म्हटलं, आहे, म्हणून तर घाई करतेय. आपण तुमच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी बसलो होतो, तू कोपी, इथली कॉफी, ढवळत होतास, साखर केव्हाच विरघळली होती. मी म्हटलं, दुरुस्ती लिहितोस की नाही? तेव्हा तू चमचा ठेवलास आणि शांतपणे म्हणालास, ‘तुला जिंकायचं होतं ना? जिंकलीस. मान्य केलं मी. आता एका धारेसाठी किती छळणार आहेस?’

म्हणजे तुला वाटलं हे सगळं माझ्या जिंकण्यासाठी होतं. तुझ्या दृष्टीनं त्या धारेवर तू आणि मी दोघंच होतो. तू माझ्यासमोर हरलास आणि तेवढ्यात मिटवून टाकलंस. रानाला त्यातलं काही कळवायची गरज तुला वाटली नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी ट्रे उचलला, ठेवायच्या जागी ठेवला आणि टेबलापाशी परत आलेच नाही. सरळ एलआरटी ट्रेन पकडली. तुझे मेसेज आले, अगं ये परत, कोपी गार होतेय. नंतर आला, रागावू नकोस, बघू काहीतरी. मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तुझ्या नंबरवरून जो फोन आला तो मीनलचा होता.

लोकांना वाटतं मला त्या न दिलेल्या उत्तराचं दुःख आहे. मीनलही तसंच समजून माझी पाठ थोपटत होती. नाही रे. माझं उत्तर तयार होतं, मी तुला रांगेत उभं केलं होतं इतकंच. तू लिहीपर्यंत बोलणार नव्हते. तू लिहिलं नाहीस आणि मेलास. माझ्याशी भांडायची वेळ आली की तुला नेहमी काहीतरी तातडीचं काम निघायचं. या वेळी तर तू कमालच केलीस.

शोकसभेनंतर मी त्या संस्थेला कळवलं. फार गोड लोक. म्हणाले, तुमचं दुःख आम्ही समजतो, पण नकाशा एवढ्या मोठ्या अभ्यासकाचा आहे, आणि जागा त्यांच्याच स्मृतीसाठी आहे. त्यांनी स्वतः दुरुस्ती केली असती तर गोष्ट वेगळी होती. मी मनात म्हटलं, ठीक आहे. मग मी ज्या मासिकात नकाशा छापला होता तिथल्या संपादकांशी बोलले. माझी टीका म्हणून छापायची तर वादविवाद, परीक्षण, उत्तर, सगळं रीतसर होणार, आणि रोपं पावसाआधी पिशव्यांतून बाहेर यायची होती. मूळ लेखकाची दुरुस्ती म्हणून आली तर लगेच. पण मूळ लेखक हयात नाही, त्यामुळे त्याच्या घरच्यांनी हो म्हणायला हवं.

म्हणून एका रविवारी मी तुझ्या घरी गेले. दार रियानं उघडलं. तुझे रानातले बूट अजून चपलांच्या कपाटात होते, चिखल वाळलेला. मीनल डायनिंग टेबलाशी ऑफिसचं काम घेऊन बसली होती. मी घुटमळले नाही. घुटमळले असते तर बोलताच आलं नसतं.

‘मीनल, ते स्मृतिवन थांबव.’

मी सगळं सांगितलं. धार, डिसेंबर, जून, तू गुडघ्यांवर बसलेला, तू काय म्हणालास ते. मी लिहून आणलेली दुरुस्ती आणि मासिकाची अट सांगितली, हॉकर सेंटरमधलंही सांगितलं, शब्दन्‌शब्द. रिया सोफ्यावरून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘मावशी, प्लीज ला. नॉट टुडे.’ मी थांबले नाही.

मीनल म्हणाली, ‘तू त्याला मेल्यावर हरवायला आलीस का गं?’

‘जिवंतपणीच हरवलं होतं मी त्याला,’ मी म्हटलं. ‘त्यानं ते दाबून ठेवलं. मला ते बाहेर काढायचंय.’

तिचा चेहरा इतका कडक झाला की मला वाटलं, आता जा म्हणेल. जा म्हणाली असती तर मी गेले असते, आणि नंतर दुसरा रस्ता शोधला असता. मी तिला दया दाखवायला गेले नव्हते आणि तिनं मला दाखवावी अशी अपेक्षाही नव्हती. पण ती वेगळंच विचारायला लागली.

‘म्हणजे डिसेंबरात तिथे काही दिसतच नाही?’

‘जे बघायला हवं ते दिसत नाही.’

‘कुठल्याच डिसेंबरात?’

‘नाही.’

तिनं लॅपटॉप मिटला. ‘मग आम्ही तिथे काय करत होतो?’ ती माझ्याशी बोलत नव्हती. ‘रियाच्या सगळ्या सुट्ट्या हॉटेलच्या पूलमध्ये गेल्या. मी वर्षअखेरचं क्लोजिंग हॉटेलच्या पलंगावर बसून केलंय, दर वर्षी. दर वर्षी म्हणायचे, या वेळी कोकणात जाऊ, पोरीला समुद्र दाखवू आपला. तो म्हणायचा, आणखी एक डिसेंबर, मग नकाशा पक्का होईल. आणि त्याला जूनमध्ये कळलं? घरी आला तेव्हा मी विचारलं, कसं होतं रान? म्हणाला, नेहमीसारखं.’

रिया हातातला फोन खाली ठेवून आईकडे बघत होती. मी इतकी वर्षं समजत होते की तुझ्यावर दावा लावायचा हक्क एकट्या माझा आहे. तुझ्या घरात माझ्या आधी रांग लागलेली होती.

मीनल उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सुरू केला, बंद केला. परत आली तेव्हा डोळे लाल होते पण आवाज तिचा नेहमीचा, ऑडिटचा.

‘तुझ्या दुरुस्तीत त्याचं नाव कुठंय?’

‘शेवटी. आभारांत.’

‘का? त्या जूनमध्ये मोजलं कुणी?’

‘त्यानंच.’

‘मग आभार कसले मानतेस? पहिलं नाव त्याचं घाल. त्यालाच सांगू दे सगळ्यांना की मी चुकलो.’

रिया म्हणाली, ‘ही विल बी सो मॅड, ममा.’

‘होऊ दे,’ मीनल म्हणाली.

सुहासरावांना फोन तिनंच केला. त्यांचा गोंधळ उडाला. मला पलीकडून ऐकू येत होतं, अहो वहिनी, पण मग त्याच्या आठवणीसाठी लावायचं काय? मीनल म्हणाली, काही लावायचं नाही. त्यांना ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. मंडळात आता माझ्याबद्दल बोलतात, ऐकू येईल असं बोलतात. एक बाई मला फेअर प्राइस सुपरमार्केटच्या रांगेत भेटल्या आणि म्हणाल्या, एवढं केलं त्यानं तुमच्यासाठी, आणि तुम्ही त्याच्या नावाचं एक झाड सहन करू शकला नाहीत. मी म्हटलं, नाही करू शकले.

दुरुस्ती छापून आली, मिलिंद. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. हयात नसलेल्या लेखकाच्या नावापुढे घालतात ती बारीक खूण तुझ्या नावापुढे आहे. पहिल्याच ओळीत तू म्हणतोस की आधीच्या नकाशातली धार खराब झालेलं रान नाही, तो स्वतंत्र समुदाय आहे, आणि आधीची पाहणी चुकीच्या ऋतूत झाली होती. भाषा तुझीच ठेवलीय, ती कोरडी, टापटीप भाषा, जी वाचून विद्यार्थ्यांना झोप यायची. कुठेही मी तुला मऊ केलेलं नाही. तू माझ्यासाठी केला नसतास तेवढा चोखपणा मी तुझ्यासाठी केलाय. संस्थेनं कळवलं की धार यादीतून काढलीय, रोपं दुसरीकडे जातील, खरोखर उजाड असलेल्या एका जागी. वर शोकसंदेशही होता तुझ्यासाठी, अशा प्रामाणिक शास्त्रज्ञाबरोबर काम करायला मिळालं असतं तर, वगैरे. मी तो मीनलला पाठवला. तिनं नुसता अंगठा पाठवला.

तर आता तू प्रामाणिक आहेस, सगळ्या जगात छापील. मी तुला मोठा माणूस करून सोडलंय, तुझ्या मर्जीविरुद्ध. याहून मोठा सूड मला सुचला नाही. राग अजून आहे. सकाळी स्टेशनवर तुझ्यासारखी टोपी दिसली की मी दोन पावलं तिच्यामागे जाते आणि त्याच वेळी राग येतो, आणि मी कुठलंच आवरत नाही. तुझी फार आठवण येते. हे तुझ्या सभेत बोलायला हवं होतं, पण तिथे बोलायला आणखी बरंच होतं.

त्या धारेवर तुझ्या नावाचं काही उभं राहणार नाही. ना झाड, ना पाटी. पाला वाळेल, आग येईल, ओक काळे होतील, पहिला पाऊस पडला की तुझ्या त्या तीन चौकोनांमध्ये हळद वर येईल. तू ती एकदाच पाहिलीस. मी आता दर जूनला जाणार आहे. मीनल म्हणतेय ती येईल, रियालाही आणेल. तुझ्यासाठी जागा धरून ठेवायची नाही असं आमचं ठरलंय.